कातळिणीचं माहेर

ऐनाच्या कोंडावर तुळसाचे तळवे वाडीच्या मालकीचे होते. तिचे हात तिचे होते, पाठही तिची होती आणि दुखायची तेव्हा एकटीलाच दुखायची. पण तळवे वाडीचे. माघात भाताच्या रोपांच्या जागेवर राब घालायच्या आधी ती पहाटे उठायची आणि एकेका घराच्या उघड्या राबावरून अनवाणी चालत जायची. अख्खी वाडी बांधावर उभी राहून तिच्या तोंडाकडे बघायची. ती म्हणायची, ‘थंड’, की त्या घरची माणसं कोयते घेऊन कवळ, म्हणजे राबासाठीच्या फांद्या, तोडायला सुटायची. शेण, ऐनाच्या फांद्या, गवत, वर मातीचा हात, असे थर राबावर चढायचे, उन्हात वाळायचे, आणि चैत्रात भाजले जायचे. ती म्हणाली, ‘गरम’, तर त्या राबाला कोणी हात लावत नसे. घरची बाई खण-नारळ आणून मातीची ओटी भरायची. गरम मातीखाली कातळिणीची अंडी असायची.

हे काम तिला सासूने दिलं होतं. थोरली सून बयाबाई असताना धाकटीला दिलं, कारण बयाबाईच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की, तीच हसून सांगायची, “माझ्या पायाखाली इंगळ ठेवलात तरी मी इचारीन, कुणी पाणी सांडलं का गो?”

सावित्रीच्या या खोऱ्यात काळ आपल्याच वाटेने चालत आला होता. बाकीच्या मुलखांतली मोठी, खवल्यांची जनावरं युगांपूर्वी संपली. इथली संपली नाहीत, बदलत गेली. खाडीत राहिली त्यांचे पाय वल्ह्यासारखे चपटे झाले. दासगावच्या बंदरात अजून कधीकधी भरतीबरोबर लांब मानेची मानेरी वर यायची, आणि ती पुन्हा खाली जाईपर्यंत तांडेल शीड उतरवून गप्प बसायचे. झाडांवर राहिली त्यांना पिसं फुटली, पण दात गेले नाहीत. कोंबड्यांची पिल्लं तीच उचलायची. आणि डोंगरावर जी राहिली, ती जड होत गेली. उताराला लागून राहता राहता उतारासारखी झाली. त्यांच्या पाठी घराच्या छपराएवढ्या रुंद, खडबडीत, जांभ्या दगडाच्या रंगाच्या. कार्तिकात यांची मादी, कातळीण, खाली उतरायची, कुणाच्या तरी राबाच्या मऊ मातीत अंडी पुरायची, माती पुन्हा सारखी करायची आणि वर जाऊन आडवी व्हायची, ती थेट पाऊस लागेपर्यंत. तिच्या पाठीवर शेवाळ वाळायचं, गवत उगवून पिवळं पडायचं. नवखा माणूस तिच्यावर बसून विडी ओढून जायचा. मोजणीच्या कामावर आलेल्या एका गोऱ्या साहेबाने तिला फूटपट्टी लावली होती. हिच्या जातीची बाकी ठिकाणी नुसती हाडं दगडात सापडतात, मग इथेच कशी राहिली, असं त्याने विचारलं, तेव्हा तुळसाचा थोरला दीर हैबती म्हणाला, “सायबा, हितं त्यांचं माहेर हाय. माहेर असल्यावर कोण कशाला मरंल?”

माहेर म्हणायचं आणि तसंच वागायचं. कातळीण वाडीची लेक. ती बाळंतपणाला आली की पाऊस पडून पिल्लं बाहेर येईपर्यंत वाडीत दुसरी बाळंतीण नको. पोटुशी बाई, मग ती लेक असो की सून, डोलीत घालून डोंगराखाली पोचवायची. तिच्या गरम राबाला आग लावायची नाही, हे तर सांगायलाच नको. पलीकडच्या सड्यावरच्या वाडीने एकदा लावली होती. उबेने पिल्लं अवेळी फुटली, ओरडली, आणि वर झोपलेली आई जागी झाली. कातळीण वाकडी वळत नाही. पिल्लाचा आवाज जिथून येतो तिथवर ती सरळ रेघेत चालते, आणि मध्ये जे असतं ते नंतर नसतं. सड्यावर तीन घरं होती त्या रेघेत.

गिरण्यांचा मोठा संप मिटला, त्याच्या पुढल्या वर्षाच्या माघातली गोष्ट. तुळसाचा नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. मैना, तिची एकुलती लेक, सातवा सरत आला तशी पोलादपूरकडच्या सासरहून आली होती; जावई मुंबईला गिरणीत. मैनेची दोन बाळंतपणं सासरीच झाली होती. पहिल्या वेळी तुळसाच्या घरी नवऱ्याचं सुतक होतं, दुसऱ्या वेळी लावणीला माणूस हवं म्हणून सासूने पाठवलं नाही. दोन्ही मुलं नाव ठेवायच्या आत गेली. या खेपेला तुळसा स्वतः जाऊन, उंबऱ्यात बसून, लेक घेऊन आली होती.

त्या पहाटे सगळ्यांचे राब चालून झाले. सगळे थंड निघाले. शेवटी तुळसाचा स्वतःचा राहिला, घराच्या खालच्या अंगाला. बांधावर हैबती घोंगडी पांघरून उभा होता, त्याच्या मागे बयाबाई. वर पडवीत मैना, एक हात कमरेवर, दुसरा खांबाला.

तुळसा चालू लागली. माती दवाने गार होती. अर्ध्यावर आली आणि डाव्या तळव्याला ऊब लागली. फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरीला बाहेरून हात लावावा, तेवढीच. उजवा पाय टाकला. तिथेही होती.

थांबायचं असतं. गरम लागलं की बाई थांबते, तेवढ्यावरूनच बांधावरच्यांना कळतं. तुळसा थांबली नाही. पायांनी थांबायला पाहिलं, तिने त्यांना ओढत पलीकडे नेलं.

“थंड,” ती म्हणाली.

“नीट बघितलंस ना गो?” बयाबाईने विचारलं.

“थंड हाय म्हटलं ना, आक्का.”

“झालं तर मग,” हैबती म्हणाला. “उद्यापास्नं कवळाला लागा.” तो वळला. बयाबाई मात्र जरा वेळ राबाकडे बघत राहिली. “माझ्या रखमाच्या येळंला असाच थंड निघाला असता तर,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. नुसतं म्हणाली, आणि नवऱ्यामागून चालायला लागली.

रखमा म्हणजे बयाबाईची लेक. काही वर्षांमागे ती अशीच माहेरी आली होती, आणि हैबतीच्या राबावर तुळसाचे पाय थांबले होते. रखमाला नववा लागलेला. दुसऱ्या दिवशी डोली निघाली. वाटेत, ओढ्याच्या काठी, तिच्या कळा सुरू झाल्या. डोली परत आली ती रिकामी. बयाबाईने त्यावर जावेला एक शब्द कधी बोलून दाखवला नव्हता. त्या दिवशीही तुळसाला गरमच लागलं होतं, आणि तिने ते सांगितलं होतं.

आता राब भरायचा होता. कुठल्याही दिवशी तुळसाला म्हणता आलं असतं, मला चुकल्यासारखं वाटतंय, पुन्हा एकदा चालते. शेण पसरताना म्हणता आलं असतं. फांद्या अंथरताना म्हणता आलं असतं. प्रत्येक थर तिने स्वतःच्या हाताने घातला, आणि प्रत्येक थरागणिक ते म्हणणं खाली दडपत गेलं. मैना पडवीत बसून तांदूळ निवडायची. तिच्या पायांवर सूज नव्हती, तोंडावर तेज होतं. “आये, हितं मला झोप लागते गो,” ती एकदा म्हणाली. तुळसा पाटी उचलून निघून गेली.

चैत्रात हैबतीने वाऱ्याची दिशा बघून राबाला आग लावली. धूर खाली दरीत उतरला. शेणाच्या, पानांच्या वासात मधेच एक निराळा वास आला, केस करपल्यासारखा. बयाबाईने नाक वर केलं, तुळसाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आगीकडे पाहिलं. राब चांगला भाजला. वर करडी, मऊ राख राहिली. डोंगरावर, घराच्या अगदी वरच्या अंगाला, वाळल्या गवताचा उंचवटा होता तसाच होता. तुळसा रोज उठून आधी तिकडे बघायची आणि मग चूल पेटवायची.

असे थोडे दिवस गेले. एका सकाळी मैनेला कळा सुरू झाल्या. बयाबाई आली, लुगड्याचा काष्टा खोचून आतल्या खोलीत गेली. वाडीतली सगळी बाळंतपणं तीच करायची. रखमाचं तेवढं तिला करता आलं नव्हतं. तुळसा पाण्याची घागर घेऊन मागच्या दाराने येत होती, तेव्हा तिला आवाज ऐकू आला.

हूं—उक्.

रिकाम्या भोपळ्यात फुंकर घालावी आणि मध्येच तोंडावर हात ठेवावा, तसा. मग दुसरा. मग तीन-चार एकदम. राबातली राख एका जागी हलली, खचली आणि तिच्यातून बोथट चोचीचं एक डोकं वर आलं.

तुळसाच्या काखेतून घागर सुटली.

पलीकडून हैबती धावत आला. “तुळसा! तुझ्या राबात हाय काय?”

दिराशी बोलताना ती पदर ओढून खाली बघायची. आज तिने खाली पाहिलं नाही. दोघंही वर बघत होती. डोंगरावरून एक धोंडा सुटून गडगडत आला. मागोमाग वाळलं गवत मुळांसकट सरकलं. ज्याला वाडी उतार समजायची, तो उतार आधी मागून वर झाला, मग पुढून. त्याच्या अंगावरून माती ओघळली. मान बाहेर आली, जाड, सुरकुतलेली, आणि तिने अजून न उघडलेल्या डोळ्यांनी तोंड खाली केलं. थेट या घराकडे. घराच्या मागे राब होता.

वाडी बाहेर पडली. कोणी गुरं सोडली, कोणी पोरं बखोटीला मारली. शेजारचा पांडू काठी घेऊन पुढे आला, तर हैबती ओरडला, “काठी टाक रे! काठीनं डोंगर हाकायचाय काय तुला?”

“मग काय करायचं? माझा मुंबैचा आरसा हाय घरात!”

“तुझं घर रेघंत नाय, मुडद्या. रेघंत हिचं हाय.” आणि मग त्याला आठवलं. “मैनेला काढा! आदी मैनेला भाईर काढा!”

बयाबाई दारात आली. हात कोपरापर्यंत ओले. तिने वर डोंगराकडे बघितलं, मागे राबाकडे बघितलं, आणि तिला सगळं एकदम कळलं.

“नाय हलवायची,” ती म्हणाली. “डोकं अडलंय. आता उचलली तर दोघं जातील.”

“अगो, भिंत येईल अंगावर!”

“येऊ दे. एक वाटेत मेली माझी. दुसरी नाय मरू देत.” मग ती तुळसाकडे वळली. आवाज चढवला नाही. “तुझ्या पायाला काय लागलं होतं गो, तुळशे?”

आतून मैनेची लांब किंकाळी आली.

“गरम,” तुळसा म्हणाली.

बयाबाईने डोळे मिटले, उघडले. “जा,” ती म्हणाली. “तिला थांबव. हितलं मी बघते.” आणि आत गेली.

तुळसा राबाकडे धावली. वाटेत शेणाची पाटी पडली होती ती उचलली. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी राख उकरली. मधली अंडी करपून काळी पडली होती. फोडली तर आत पिल्लं होती, आखडलेली, चोच उघडी राहिलेली. कडेची तेवढी वाचली होती. जी हलत होती ती तिने उचलली. मांजराएवढी, जड, अंगावर ओल्या चिंचोक्यांसारखे खवले. ती चावली नाहीत. पाटीत पडल्या पडल्या ओरडायला लागली. हूं—उक्. हूं—उक्.

पाटी डोक्यावर घेऊन ती चढ चढू लागली. घराच्या मागून पुढे आली, अंगण ओलांडलं, आणि कातळीण समोर होती. आणखी चार पावलांत ती अंगणात उतरली असती. तिचा पाय पडायचा तेव्हा जमीन आधी खचायची आणि आवाज मग यायचा. आता तिचे डोळे उघडले होते. पांढरट पडदा अर्धा सरकलेला, आत पिवळं पाणी. त्या डोळ्यांत राग शोधला तुळसाने. नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाची समजूत काढता येते.

ती समोर थांबली नाही. पाटी सांभाळत डावीकडे, कोरड्या वहाळाच्या बाजूला, आडवी पळू लागली. पिल्लांचा आवाज तिच्याबरोबर आडवा सरकला. कातळीण थबकली. मान हळूहळू फिरली. आणि मग तिचं सगळं अंग, आधी पुढचे पाय, मग पाठ, मग ती गाठाळ शेपटी, त्या नव्या दिशेला लागलं. शेपटीचा फटका पडवीच्या खांबाला बसला, छपराची एक बाजू खाली आली. पण भिंत उभी राहिली.

“फिरली! फिरली रे!” पांडूचा आवाज.

तुळसा धापा टाकत माळावर आली. मागे फुसफुस जवळ येत होती, तिच्या मानेला उष्ण वाफ लागली. अजून पळावं तर पाटीसकट पायाखाली. तिने पाटी खाली ठेवली, कलती केली आणि बाजूला झाली. पिल्लं घसरत बाहेर आली. कातळिणीने तोंड खाली आणलं. एकेकाला हुंगलं. एक तिच्या पायाच्या घडीत शिरलं, बाकीची हनुवटीखाली गेली. ओरडायची थांबली.

तुळसाला वाटलं, संपलं. ती पाटीशेजारी खाली बसली.

कातळिणीने मान वर केली. नाकपुड्या रुंद झाल्या. वारा राबावरून येत होता, आणि त्यात करपलेला वास होता. तिला मोजता येत नसेल. पण आणखी होती, हे तिला माहीत होतं. तिने एक पाऊल टाकलं. पिल्लं तिच्या पायांमधून चालू लागली. तुळसाने त्या तोंडाच्या दिशेने पाहिलं. इथून राबाकडे रेघ ओढली तर ती बरोबर आतल्या खोलीतून जात होती.

पाटी रिकामी होती. गप्प झालेली पिल्लं आता ओरडणार नव्हती, त्यांना आई मिळाली होती.

तुळसा उठली, तोंड पुढे केलं, आणि गळ्यातून आवाज काढला. पहिला नुसता खोकला निघाला. तिने श्वास घेतला.

हूं—उक्.

कातळीण थांबली.

हूं—उक्. तुळसा मागे सरकत, पाठीमागे न बघता, वहाळाकडे जाऊ लागली. एक पाऊल, एक आवाज. ते प्रचंड तोंड तिच्याकडे वळलं. पुन्हा जमीन खचू लागली, आता तिच्या रोखाने. घरातून मैना ओरडली, “आये! आये गो!” कातळिणीची मान त्या आवाजाकडे वळू लागली. लेकीने हाक मारली की आईने ‘ओ’ द्यायची, हे तुळसाच्या जिभेवर आलंही होतं. तिने ते गिळलं आणि लेकीच्या आवाजाच्या वर आपला आवाज नेला, फाटेपर्यंत. हूं—उक्. हूं—उक्. हूं—उक्. मान परत आली.

वहाळाच्या काठावर तिचा पाय निसटला. ती कोरड्या धोंड्यांवरून घरंगळत तळाला गेली, दोन दगडांच्या बेचक्यात अडकली. वर आकाशाची पट्टी होती. ती झाकली गेली. कातळीण उतरत होती. दगड तिच्या पायांखाली पिचत होते. तुळसाने डोळे मिटले नाहीत. तोंड आलं, तिच्या केसांना, मानेला, पोटाला हुंगलं. राखेचा वास होता तिच्या अंगाला, पिल्लांच्या ओलीचाही. मग ती रुंद, खरबरीत हनुवटी खाली आली आणि अगदी सांभाळून, जिवंत वस्तूवर ठेवतात तशी, तिच्या छातीवर टेकली. दगडांनी बरंचसं वजन पेललं. उरलेलं तुळसाने. बाजूने पिल्लं आत शिरली आणि तिच्या काखेशी, मांडीशी दाटीवाटीने बसली.

तिने निसटायचा प्रयत्न केला. हनुवटी दाबली गेली. ती पडून राहिली. हनुवटी सैल झाली.

ऊन वहाळाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं. मैनेचे आवाज येत होते, मग थांबले. तो थांबण्याचा काळ तुळसाने कसा काढला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. मग एक बारीक, चिडका, न थांबणारा आवाज आला. माणसाचा. कातळिणीच्या अंगातून एक लहर गेली, पापण्यांचा पडदा सरकला. तुळसाने घाईने, दबलेल्या छातीत मावेल तेवढा श्वास घेऊन, हूं—उक् केलं. पडदा पुन्हा मिटला.

काठावर कोणीतरी आलं. माती घसरली. बयाबाईचा आवाज होता, हळू, पण स्पष्ट.

“मुलगी झाली. रडते, बघ, कशी. मैना बरी हाय. पेज पाजली तिला.” आवाज आणखी जवळ आला. “तुळशे, जिती हायस काय गो? ओ दे.”

तुळसाच्या तोंडावर कातळिणीचा श्वास होता. ‘ओ’ म्हटलं असतं तर तो श्वास बदलला असता, ही आपली नव्हे हे त्या आईला कळलं असतं, आणि तिने उठून पुन्हा घराकडे तोंड केलं असतं. तुळसाने जावेला ‘ओ’ दिली. तिला द्यायला आता जी एकच होती, ती.

हूं—उक्.

मग बयाबाई काठावर खाली बसल्याचा आवाज आला. ती उठून गेली नाही.